बाबांच्या जलरंग चित्रांच्या प्रती काढायच्यात : जिकली, ऑफसेट, कॅनव्हास... नक्की फरक काय?

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा हायस्कुलात ड्रॉइंग टीचर होते, मागच्या वर्षी गेले. आवराआवर करताना माळ्यावर त्यांची साधारण चाळीस जलरंग चित्रं सापडली, बरीचशी हाफ इंपिरियल म्हणजे १५ बाय २२ इंचाची. (खालच्या ट्रंकेत अजून होती, ती २०२१ च्या पुरात गेली. माळ्यावरची वाचली हे नशीब.) भातशेती, वाशिष्ठीचा काठ, लाल मातीच्या वाटा, एक आमच्या जुन्या घराचं. आम्ही तिघं भावंडं, शिवाय आत्या, काका आणि बाबांचे दोनचार जुने विद्यार्थी, सगळ्यांनाच ते घराचं चित्र हवंय. मूळ एकच, त्यामुळे भांडण नको म्हणून निवडक आठ चित्रांच्या चांगल्या प्रती काढायचं ठरलं.

आता गंमत बघा. एक जण म्हणतो फोर कलर ऑफसेटला टाका, स्वस्तात पडेल, पण प्रत्येक चित्राच्या कमीत कमी ५०० कॉपी घ्या. दुसरा म्हणतो कॅनव्हासवर काढून देतो, स्क्वेअर फुटावर रेट, वरून ब्रशचे स्ट्रोक पण देऊ, अगदी ओरिजनल वाटेल. पुण्यातला तिसरा म्हणतो "जिकली" प्रिंट घ्या, म्युझियम क्वालिटी, ए३ ला १२०० रुपये. आणि मावसभाऊ म्हणतो कशाला एवढं, फोटो स्टुडिओत नेऊन फोटो पेपरवर काढ. मला यातलं काहीच कळत नाही, सगळे आपापलंच कसं चांगलं ते सांगतात.

दुसरा प्रश्न. आमच्या देवघरात आजीच्या लग्नातली लक्ष्मीची तसबीर आहे, साडीला खऱ्या टिकल्या आणि जर शिवलेली. घरात सगळे तिला "ओरिजनल रविवर्मा" म्हणतात. बाबा म्हणायचे ते ओलिओग्राफ आहे. ओलिओग्राफ म्हणजे पण प्रिंटच ना? मग त्याला एवढा मान आणि आताच्या प्रिंटला का नाही?

---

छापखानेवाला

ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं. चित्रं वाचली हे मोठं काम झालं.

मी पुण्यात ऑफसेटच्या धंद्यात तीसेक वर्षं काढली, त्यामुळे माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो: तुमच्या कामाला ऑफसेट घेऊ नका. अडचण क्वालिटीची नाही, आकड्याची. ऑफसेटला चार प्लेटा लागतात, सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, मग मशीनवर रजिस्टर लागेपर्यंत, म्हणजे चारही रंग नेमके एकमेकांवर बसेपर्यंत, आणि शाई सेट होईपर्यंत शेदोनशे शीट तशाच वाया जातात. हा सगळा खर्च दहा कॉपीला पण तेवढाच आणि हजार कॉपीला पण तेवढाच. म्हणून तो ५०० म्हणतोय, लुबाडत नाहीये. तुम्हाला हव्यात दहा-बारा, उरलेल्या ४८८ पुन्हा माळ्यावर.

आता ओळखायचं कसं ते सांगतो, कारण उद्या कोणी काही म्हणेल, तुमच्या हातात पुरावा पाहिजे. दहा पटीचं भिंग घ्या, आमच्याकडे त्याला नुसतं "ग्लास" म्हणतात, घड्याळजी लावतो तसलं पण चालेल. चित्राचा फिकट भाग बघा, आभाळ किंवा गाल.

ऑफसेट असेल तर ठिपक्यांची नीट आखलेली जाळी दिसते. चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनात फिरवलेल्या असतात, काळा बहुतेक ४५ अंशावर, सायन आणि मॅजेंटा त्याच्यापासून तीस तीस अंश लांब, तसं नाही केलं तर मोअरे पडतो म्हणजे चौकडीच्या शर्टासारखा पॅटर्न उठतो. त्या चार जाळ्या मिळून बारीक बारीक फुलं तयार होतात, त्याला रोझेट म्हणतात. फुल दिसलं की छापलेलं, विषय संपला.

तुमचा तो जिकली (झिक्ले आहे ते मुळात, फ्रेंच, पण आपल्याकडे दुकानात सगळे जिकलीच म्हणतात, हरली कोणीच म्हणत नाही) म्हणजे इंकजेट. त्याच्यात जाळी नसते. शाईचा फवारा विखुरलेला दिसतो, धुळवडीला पांढऱ्या सदऱ्यावर लांबून रंग उडावा तसा, तोही फक्त फिकट भागात, गडद भागात काहीच कळत नाही.

आणि दगडावरची छपाई, म्हणजे तुमची लक्ष्मी जर खरंच ओलिओग्राफ असेल तर, ठिपके असतात पण वेडेवाकडे, लहानमोठे, कारण ते कारागिराने हाताने टिंबं टिंबं करून दगडावर काढलेले असतात. कुठे दाट कुठे विरळ. मशीनची शिस्त त्यात नसते. एकदा ग्लासखाली बघितलं की जन्मात विसरणार नाही.

तुम्ही आधी लक्ष्मी बघून सांगा, मग पुढचं बोलू.

---

तैलखडू

छापखानेवाले काकांनी बरोब्बर सांगितलंय, मी फक्त "प्रिंट" या शब्दाचा गुंता सोडवते कारण तो ऐकला की माझं डोकं फिरतं. मी प्रिंटमेकिंग शिकले, आणि दर प्रदर्शनात कोणीतरी विचारतं की हे प्रिंट आहे म्हणजे मूळ चित्र कुठंय? अहो हेच मूळ!

लिनोकट, वुडकट, एचिंग, दगडावरचा लिथो, यात चित्रकार स्वतः लाकूड कोरतो, तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर रेषा खोदून आम्लात बुडवतो किंवा दगडावर तेलकट खडूने काढतो. कागदावर उतरतं तेव्हाच चित्र पूर्ण होतं, त्याआधी ते कुठेच नसतं. म्हणून तिथे ३/२० असा आकडा टाकतात, म्हणजे वीसपैकी तिसरा ठसा, आणि त्याला अर्थ असतो, पत्रा झिजतो, काम संपल्यावर तो खोडूनही टाकतात. तुमच्या बाबांची चित्रं मुळात कागदावर पूर्ण झालेली आहेत. त्यांची तुम्ही काढाल ती प्रत, प्रतिकृती. मग ती १२०० ची असो की फोटो स्टुडिओतली शंभराची. यात कमीपणा काही नाही, फक्त कोणी तुम्हाला "लिमिटेड एडिशन, पन्नासच प्रती, सर्टिफिकेट देतो" असं म्हणून जास्त पैसे लावले तर हसून नाही म्हणा. फाइल आहे तोवर एकावन्नावी प्रत काढायला मशीनला काहीच त्रास नाही, तिथे मर्यादा म्हणजे फक्त तुमचा शब्द.

मधला एक प्रकार आहे सेरीग्राफ, म्हणजे सिल्कस्क्रीन. लग्नपत्रिका आणि टीशर्ट छापतात तेच तंत्र, पण एकेका चित्राला वीस-तीस रंग आणि प्रत्येक रंगाची वेगळी जाळी. हुसेन, रझा यांचे सेरीग्राफ गॅलऱ्यांमध्ये विकायला असतात ते हेच. शाईचा थर जाड बसतो, बोट फिरवलं तर कळतो. सपाट, ठसठशीत रंगांच्या चित्राला हे भारी दिसतं. जलरंगाला अजिबात नको, जलरंगाचा सगळा जीव पारदर्शकपणात, आणि ही शाई सहसा झाकणारी असते.

कॅनव्हासवाल्याला तर दारातूनच परत पाठवा. ते "ब्रशचे स्ट्रोक" म्हणजे छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासतात. तैलचित्राच्या प्रतीला एक वेळ खपेल, तुमच्या बाबांनी कागदाचा पांढरा राखून राखून केलेल्या आभाळावर जेलचे फटकारे? भातशेतीला पेढ्यासारखा वर्ख लावल्यासारखं होईल ते.

जाता जाता, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र सगळ्यांना माहितीये, बोटांच्या फटीतून उजेड येतो ते. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आणि ते जलरंगात आहे. त्याच्या प्रती सगळीकडे मिळतात, कॅलेंडरवर, कॅनव्हासवर चकचकीत वार्निश मारून, आणि लोक ते तैलचित्र समजतात, वर रविवर्म्याच्या नावावर पण खपवतात. प्रत चुकीच्या पद्धतीने काढली की मूळ काय होतं तेच पुसलं जातं, ते असं.

---

संत्रानगरी

माझा अनुभव सांगतो, आम्ही पडलो नागपूरचे पण सध्या दुबईत. चार वर्षांमागे एका निसर्गचित्राची मोठी प्रत घेतली, दुकानदाराने झिक्ले म्हणूनच दिली, सर्टिफिकेट बिर्टिफिकेट सगळं. हॉलमध्ये काचेच्या खिडकीसमोर लावली. दीड वर्षात लाल रंग पार उतरला बाप्पा, झाडं निळी आणि माणसं आजारी दिसायला लागली. दुकानदाराला विचारलं तर म्हणे उन्हात कशाला लावली. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की डाय शाई होती आणि कागद साधा कोटेड. झिक्ले शब्दाला काही कायदा नाही राजेहो, कोणीही कशालाही म्हणतो.

म्हणून ताई, नाव विचारू नका, तीन गोष्टी विचारा: शाई डाय की पिगमेंट, कागद कापसाचा की लाकडाच्या लगद्याचा, आणि मशीन कोणतं.

---

छापखानेवाला

@संत्रानगरी, तुमच्या बाबतीत झालं तेच इतिहासात पण झालेलं आहे. हा झिक्ले शब्दच मुळी १९९१ चा. अमेरिकेत ग्रॅहम नॅश नावाचा गायक, त्याने नॅश एडिशन्स नावाचा छापखाना काढला, तिथे आयरिस ३०४७ नावाचं महागडं इंकजेट मशीन होतं, जे मुळात आमच्यासारख्या ऑफसेटवाल्यांना प्रूफ काढायला बनवलेलं. म्हणजे कच्चं काम, गिऱ्हाईकाची सही घेतली की फेकून द्यायचं. त्यावर हे लोक चित्रांच्या प्रती काढायला लागले. आता गॅलरीत "इंकजेट" म्हटलं तर कोण घेणार, म्हणून तिथल्या जॅक ड्युगान नावाच्या प्रिंटरने फ्रेंच डिक्शनरीतून फवारणे या अर्थाचा शब्द काढला. आणि त्या पहिल्या मशीनची शाई डायच होती, प्रूफसाठीची, त्यामुळे सुरवातीच्या प्रती काही वर्षांतच उडायला लागल्या. पिगमेंट शाया नंतर आल्या आणि मग हा धंदा खरा उभा राहिला.

डाय म्हणजे रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला, पिगमेंट म्हणजे हळदीसारखा, न विरघळता नुसता तरंगणारा बारीक कण. उजेडाने विरघळलेला रंग लवकर मोडतो, कणाचा आधी बाहेरचा भाग मोडतो, आतला टिकतो. चांगल्या पिगमेंट शाईला कंपन्या काचेमागे शंभर वर्षं वगैरे सांगतात, तो आकडा प्रयोगशाळेत प्रचंड उजेडात ठेवून काढलेला अंदाज असतो, शंभर वर्षं कोणी थांबलेलं नाही. पण डायपेक्षा कितीतरी पट चांगलं हे नक्की.

ताईंच्या कामाचं म्हणजे, अशा मशीनला चार नाही तर आठ ते बारा शाया असतात, दोनतीन करडे धरून, काहींना नारिंगी, हिरवी, जांभळी पण. ऑफसेटच्या चार रंगात कोकणातल्या जुलैतल्या भाताचा हिरवा कधीच येत नाही, मळकाच येतो, मी आयुष्यभर पर्यटनाची पत्रकं छापताना त्या हिरव्याशी भांडलोय. जास्तीच्या शाया असल्या की तो बराच जवळ जातो.

---

चिपळूणकरीण

केवढी माहिती, सगळ्यांचे आभार!

भिंग मिळालं, शेजारच्या सोनारकाकांकडून. लक्ष्मी आईने काढू दिली नाही, म्हणाली गुरुवारी तर मुळीच नाही, मग आज तिथेच उभं राहून मोबाइलचा टॉर्च लावून बघितली. गालावर ठिपके आहेत पण जाळी नाही! वेडेवाकडेच आहेत, छापखानेवाले काका म्हणाले तसे, कपाळावर विरळ, हनुवटीखाली दाट. खात्री करायला बाबांच्या चित्राचं एक जुनं कॅलेंडर होतं (बँकेने काढलेलं) त्यात बघितलं तर चक्क फुलं फुलं. मी अर्धा तास घरातलं सगळं भिंगाखाली बघत होते, साबणाचं खोकं, रेशन कार्ड, नोट.

पण खाली छापखान्याचं नाव नाही. फ्रेम करणाऱ्याने कधीतरी कडा कापलेल्या दिसतात.

---

शिळाप्रेस

कडा कापल्या हे वाचून जीव हळहळला. जुन्या तसबिरींच्या बाबतीत हे नेहमीचं, फ्रेम लहान पडली की मार कात्री. खालच्या पट्टीतच सगळी कुंडली असते.

ताई, ठिपके हाताचे आहेत म्हणजे दगडावरची छपाई असणार हे जवळजवळ नक्की, पण तेवढ्यावरून रविवर्मा छापखान्याची म्हणता येणार नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले, आणि मग १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. धंदा म्हणून तो बुडीतच होता, १९०१ मध्ये तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षं तिथून चित्रं निघाली, रविवर्म्यांची पण आणि इतर चित्रकारांची पण, १९७२ मध्ये आग लागून सगळं जळेपर्यंत. पण त्याच्याही आधी पुण्यात चित्रशाळा होती, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी १८७८ मध्ये काढलेली, ते पण देवादिकांची रंगीत शिळाछाप चित्रं विकायचे. (चिपळूणकर नाव तुमच्या धाग्यावर आलंच पाहिजे होतं!) शिवाय नक्कल करणारे किती तरी. आणि कोकणात तसबीर मुंबईच्या चाकरमान्याच्या पेटीतून येणार, म्हणजे कुठलीही असू शकते.

तुम्ही विचारलंत की ते पण प्रिंटच ना, मग एवढा मान का. मला वाटतं मेहनत हे एक कारण आहे. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर आधी ठरवायचा की हा चेहरा किती रंगांत फोडायचा, त्वचेचा गुलाबी वेगळा, सावलीचा तपकिरी वेगळा, असे दहा-पंधरा, कधी जास्त. प्रत्येक रंगाला एक दगड, बव्हेरियातल्या झोलनहोफेनचा चुनखडक यासाठी सगळ्यात चांगला. त्यावर चित्र उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं, तेलकट शाईने. मग दगड ओला केला की जिथे तेल आहे तिथे पाणी बसत नाही आणि जिथे पाणी आहे तिथे शाई बसत नाही, बस एवढंच तत्त्व, १७९६ च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाला सापडलेलं. एकच कागद पंधरा वेळा वेगवेगळ्या दगडांवर छापायचा, दर वेळी सुतभर पण न सरकता. शेवटी वार्निश, आणि कॅनव्हासचं विणकाम वाटावं म्हणून दाबाने उठाव, म्हणून "ओलिओ", तेलासारखं दिसणारं.

म्हणजे बघा, तैलखडू ताई ज्या कॅनव्हासवाल्यावर चिडल्या तोच धंदा हा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा! छापील चित्राला तैलचित्राचा मुखवटा. तेव्हाच्या जाणकारांनी पण नाकं मुरडली असतीलच. पण देवळात ज्यांना गाभाऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हते त्यांच्या घरात लक्ष्मी-सरस्वती या कागदावरून आली, आणि ऑफसेट तरी काय, दगडाचीच नात. तेच तेल-पाणी, दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आणि मध्ये रबराचं ब्लँकेट.

टिकल्या आणि जर मात्र काढू नका हं. ती सजावट तेव्हा घरोघरी बायका करायच्या, काही दुकानं पण करून द्यायची. तुमच्या आजीने केली असेल तर ते एकच चित्र असं आहे ज्याची दुसरी प्रत नाही.

---

तैलखडू

@शिळाप्रेस, मान्य, हरले! पण त्या कारागिराने चेहरा फोडताना डोकं चालवलं, जेल फासणारा काय चालवतो ते सांगा. असो.

ताई, आता कामाचं. सगळं प्रिंटवर बोलतायत पण तुमचं काम फसलं तर ते फोटो काढतानाच फसेल. फाइल वाईट असली तर जगातला सगळ्यात महाग कागद पण काही करू शकत नाही.

१) चित्रं काचेतून बाहेर काढा. काचेतून फोटो काढून "एडिटमध्ये रिफ्लेक्शन काढू" असं कोणी म्हणालं तर उठून या.

२) घरच्या ए४ स्कॅनरवर तुकड्या-तुकड्यात स्कॅन करून जोडू नका. त्याचा दिवा अगदी जवळून पडतो, फिकट वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर, खाऊन टाकतो, आभाळ सपाट पांढरं होतं. बाबांनी हँडमेड कागद वापरला असेल तर त्याचा खरबरीतपणा पण चित्राचा भाग आहे, तो जातो. मोठा स्कॅनर असलेलं चांगलं ठिकाण मिळालं तर वेगळी गोष्ट, नाहीतर कॅमेरा, ट्रायपॉड, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात सारखे दिवे, चित्र आणि लेन्स अगदी समांतर, शेजारी ग्रे कार्ड किंवा रंगांचं कार्ड.

३) आकडा: मूळ मापात ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायचं तर १५ बाय २२ इंचाला ४५०० बाय ६६०० पिक्सेल, म्हणजे तीसएक मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने २६० च्या आसपास बसतं, जलरंगाला पुरेसं. मोबाइलवर ५० लिहिलेलं असतं त्याने हुरळू नका, एवढ्याशा सेन्सरवर तो आकडा नुसता जाहिरातीचा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, तिची १६ बिट टिफ फाइल करून घ्या, आणि देवाशपथ सांगते, फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. माझ्याकडे लोक पाठवतात, चित्र असतं पाच फुटाचं आणि फाइल २०० केबी.

कागद शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित, मॅट, ३०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आसपास. हानेम्युले कंपनीचा फोटो रॅग ३०८ सगळीकडे मिळतो, महाग आहे पण जलरंगाला छान. अतिपांढरा चमकणारा कागद देत असतील तर त्यात ब्राइटनर असतात, ते काही वर्षांनी दमतात आणि कागद पिवळट पडतो. शिवाय बाबांचा कागद आता मुळातच मलईच्या रंगाचा झाला असेल, तो जवळचा पांढरा निवडा. फोटो स्टुडिओवाला कागद प्लॅस्टिकचा थर असलेला असतो, मावसभावाला सांगा लग्नाच्या अल्बमला ठीक आहे.

---

छापखानेवाला

आणि टेस्ट घ्या. आठही चित्रं एकदम टाकू नका. आधी घराच्या चित्राचा एक पट्टा, ज्यात आभाळ, हिरवं आणि माती तिन्ही येतील असा, तोच कागद, तीच शाई. तो मूळ चित्राशेजारी ठेवून बघायचा, आणि बघायचा दिवसा, उत्तरेच्या खिडकीत, दुकानातल्या ट्यूबखाली नाही. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण बाबांचे रंग वेगळे, मशीनचे वेगळे. प्रेसमध्ये यासाठी ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा असतो.

दुकानदार पट्ट्याला कटकट करायला लागला तर दुकान बदला.

---

कसरखाऊ

फ्रेमचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी रत्नागिरीचा, आमच्याकडे पावसाळ्यात पापड सुद्धा वाकतात तर चित्राचं काय.

प्रत काचेला चिकटून लावू नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट पाहिजेच, तोही आम्लरहित, नाहीतर कडेने तपकिरी रेघ उठते. मागे साधा हार्डबोर्ड थेट नको. भिंतीच्या बाजूने फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप लावा, हवा खेळते, बुरशी धरत नाही, फुकटात काम. ओल येणारी भिंत आणि समोरून येणारं ऊन टाळा. लॅमिनेशन तर चुकूनही नको, काही दुकानदार "पाणी लागणार नाही" म्हणून गळ्यात मारतात, आत ओल अडकली की संपलं. आणि मूळ चित्रं? ती भिंतीवर लावूच नका, सपाट ठेवा, मध्ये आम्लरहित कागद, वर्षातून दोनदा उघडून कसर बघा. प्रती भिंतीवर मरू द्यात, त्यासाठीच आहेत त्या.

---

चिपळूणकरीण

@कसरखाऊ 😂 नाव आणि सल्ला दोन्ही लक्षात राहील.

अजून एक विचारायचं राहिलं. याशिवाय दोन चित्रं बाबांनी पूर्वी विकली होती, एक बँकेला, एक एका डॉक्टरांना. दोघंही फोटो काढू द्यायला तयार आहेत. पण त्यांच्या प्रती आम्ही काढू शकतो का?

---

शिळाप्रेस

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, तो लेखी दिला तरच जातो. आपल्या १९५७ च्या कायद्यात तो चित्रकाराकडे आणि मग वारसांकडे, मृत्यूनंतर ६० वर्षं. पण एक मेख आहे, कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र असेल, म्हणजे "आमच्या बँकेसाठी काढा", तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क सांगणाऱ्याचा. तयार होतं ते आवडलं म्हणून घेतलं असेल तर तुमचा. बँकेचं आधी विचारून घ्या आणि त्यांच्याकडून एक ओळ लिहून घ्या, घरगुती प्रतींना कोणी अडवणार नाही पण विकायच्या झाल्या तर कागद बरा. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे आता कोणीही काहीही छापू शकतं, आणि छापतात पण.

---

चिपळूणकरीण

अपडेट देतेय, तीन आठवडे झाले.

फोटो एका ओळखीच्या मुलाने घरीच काढले, दोन दिवे भाड्याने आणून. पुण्याच्या जिकलीवाल्याला तिन्ही प्रश्न विचारले, पिगमेंट आहे, कापसाचा कागद आहे, मशीन बारा शायांचं, सगळं नीट सांगितलं, उलट खुश झाला की कोणीतरी विचारलं. पट्टा मागितला तर २०० रुपये लावले पण दिला.

दुकानात बघितला तेव्हा मला इतका आवडला की तिथेच ऑर्डर देणार होते. मग काकांचं आठवलं, घरी आणला, सकाळी मागच्या पडवीत बाबांच्या चित्राशेजारी धरला. हिरवं आणि आभाळ सुरेख. माती मात्र गुलाबी. आईला काहीच सांगितलं नव्हतं, तिने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, ही आपली माती नाही, ही घाटावरच्या लग्नातली रांगोळी. परत पाठवलाय, तो म्हणाला प्रोफाइल, म्हणजे मशीनची रंगांची सेटिंग, बदलून लाल खाली आणतो, दुसरा पट्टा फुकट.

लक्ष्मीचा फोटो नवरात्र झाल्यावर, आईची परवानगी मिळालीये. टिकल्यांसकट.

---

छापखानेवाला

आईंना प्रेसमध्ये नोकरी देतो, सांगा.

गुलाबी पट्टा फेकू नका, मागे तारीख आणि कागदाचं नाव पेन्सिलने लिहून दुसऱ्या पट्ट्याबरोबर ठेवा. तिसरा लागला तर तो कोणत्या बाजूला न्यायचा ते त्या दोघांवरूनच कळेल.